विषय: बेसमेंट करून घ्यायचंय, पण कोपऱ्यात ओल आहे

प्रेषक: हिल्सबरोचा नवा सभासद

नमस्कार मंडळी,

गेल्या जुलैत इथे न्यू जर्सीत घर घेतलं, १९७४ सालचं. बेसमेंट काँक्रीट ब्लॉकचं, अजून उघडंच आहे. मे महिन्यात आई-बाबा नाशिकहून येतायत. आमची खोली त्यांना द्यायची आणि आम्ही दोघांनी खाली झोपायचं, असा बेत आहे.

अडचण अशी, की मागच्या कोपऱ्यात जमिनीपासून फूटभर भिंतीवर पांढरी भुकटी येते. पुसली तरी महिन्याभरात परत हजर. पाऊस झाला की कुबट वासही येतो. दोन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. एक म्हणाला, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारू, ९०० डॉलर, आणि वर लगेच ड्रायवॉल, म्हणजे जिप्समच्या पाट्या. दुसरा म्हणाला, आतून चारही बाजूंनी जमीन फोडून पाइप टाकावा लागेल, १६,५०० डॉलर. आज सही केलीत तर दोन हजार कमी. कुणाचं ऐकू?

प्रेषक: पिस्कॅटवेचे काका

आत्ता तरी दोघांचंही ऐकू नका.

ती भुकटी म्हणजे लोणा. गावाकडच्या जुन्या विटांच्या भिंतींना लागतो तोच. पाणी ब्लॉकमधून येताना क्षार बरोबर आणतं. पाणी सुकून जातं, क्षार मागे राहतात. म्हणजे ही ओल आतल्या दमट हवेची नाही, मातीतून येतेय.

रंगाने ती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. तुमचे ब्लॉक आतून पोकळ असणार. पाणी त्या पोकळीत साठतं आणि रंगाला मागून ढकलत राहतं. माझ्या पहिल्या घरात मी हाच शहाणपणा केला होता. दुसऱ्या हिवाळ्यात पापुद्रे हातात यायला लागले. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आता छत्री घ्या आणि चांगला पाऊस पडत असताना घराभोवती एक चक्कर मारा. घरात बसून कळत नाही. हिशेब सांगतो: १,२०० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की जवळपास ७५० गॅलन पाणी होतं. चार कोपऱ्यांत छपराचं पाणी खाली आणणारे चार पाइप, म्हणजे डाउनस्पाउट, असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १८५च्या वर. ते भिंतीपासून एका फुटावर ओतलंत तर जाणार कुठे? आपल्या भागात लाल शेल, म्हणजे थराथरांचा खडक, आणि तिच्यावरची चिकण माती, पाणी पटकन मुरतच नाही. त्यात घर बांधताना पायाभोवती खणून परत भरलेली माती भुसभुशीत राहते आणि वर्षानुवर्षं खचत जाते. घराभोवती परातच तयार होते म्हणा ना.

तेव्हा आधी छपराच्या कडेची गटरं, म्हणजे पन्हळी, साफ करा. डाउनस्पाउटचं पाणी निदान सहा फूट, जमलं तर दहा फूट लांब सोडा. भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच तरी उतरती हवी. उतार मातीचाच करा, मल्चचा (बागेत पसरतात त्या लाकडाच्या भुश्याचा) नको. त्यातून पाणी सरळ खाली जातं. आणि माती साइडिंगला, म्हणजे घराच्या बाहेरच्या आवरणाला, टेकवू नका, वाळवीला जिना मिळतो. मग दोन-तीन मोठे पाऊस नुसतं बघत बसा.

तरीही पाणी आलं तर दुसऱ्या माणसाचा उपाय खोटा नाही. जमिनीखालचं पाणीच वर चढत असेल तर तोच उपाय आहे: कडेची जमीन फोडायची, खडीत भोकांचा पाइप बसवायचा, ब्लॉकच्या सर्वांत खालच्या थराला भोकं पाडून आतलं पाणी त्यात उतरवायचं आणि खड्ड्यात जमलं की तिथल्या संप पंपाने बाहेर काढायचं. पण 'आज सही' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरच्या घरकामाला लेखी करार लागतो, कॉन्ट्रॅक्टरची राज्याकडे नोंदणी लागते, आणि कराराची प्रत मिळाल्यापासून सुट्ट्या सोडून तीन दिवसांत तो रद्द करता येतो.

प्रेषक: एडिसनच्या वहिनी

काकांनी सगळं सांगितलं, पण विजेचं राहिलं.

१ सप्टेंबर २०२१, आयडा वादळाची रात्र. आमच्याकडे संप पंप होता, चांगला चालतही होता. वीज गेली आणि तो गप्प बसला. पंपाची खरी गरज ज्या रात्री, वीज नेमकी त्याच रात्री जाते, हे आधी सुचलंच नव्हतं. सकाळी घोट्याच्या वर पाणी. गणपती नऊ दिवसांवर, आणि मखर, लेझीम, सतरंज्या सगळं आमच्याच बेसमेंटमध्ये! लेझीम वाचली. गालिचा आणि ड्रायवॉलचा खालचा भाग दोन दिवसांत काढून फेकला, कारण बुरशीला तेवढा वेळ पुरतो.

विम्याचं तर विचारूच नका. घराच्या साध्या पॉलिसीत हे बसत नाही. पंप तुंबून किंवा बंद पडून आलेल्या पाण्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते, ती आम्ही घेतली नव्हती. सरकारी पूर विमा वेगळाच, आणि त्यातही बेसमेंटमध्ये वरून घातलेली फरशी, सोफा वगैरे धरत नाहीत. आता बॅटरीवर चालणारा दुसरा पंप आहे. दर तीन महिन्यांनी बादलीभर पाणी ओतून दोन्ही चालतात का ते बघते.

आणि हो, खाली झोपणार आहात ना? मग बाहेर पडता येईल अशी खिडकी लागेल. टाउनशिपमध्ये, म्हणजे आपल्या नगरपालिकेत, परमिट काढताना विचारतातच.

प्रेषक: हिल्सबरोचा नवा सभासद

काका, वहिनी, उशिरा लिहितोय, पाऊस मोजत बसलो होतो.

छत्री घेऊन फिरलो. मागच्या कोपऱ्यातला डाउनस्पाउट जमिनीत पुरलेल्या पाइपमध्ये जात होता. तो पाइप आत कुठेतरी दबलेला, त्यामुळे पाणी भिंतीलगतच उकळ्या फुटल्यासारखं वर येत होतं. आधीच्या मालकालाही बहुधा ठाऊक नसावं. तो तोडला आणि वरूनच दहा फुटी पाइप जोडला, दोन शनिवार माती ओढली. मार्च-एप्रिलमध्ये तीन मोठे पाऊस झाले, कोपरा कोरडा. लोणा ब्रशने झाडला, परत आला नाही.

पण जमिनीवर चार ठिकाणी प्लास्टिकचे तुकडे कडेने टेप लावून दोन दिवस ठेवले होते. पुढच्या भिंतीजवळच्या तुकड्याखाली थेंब जमलेत. आता?

प्रेषक: पिस्कॅटवेचे काका

थेंब प्लास्टिकच्या वर असते तर हवेतला दमटपणा म्हटलं असतं. खाली आहेत, म्हणजे काँक्रीट ओल सोडतंय. एवढ्यासाठी जमीन फोडू नका, पण गालिचाही थेट अंथरू नका. खालून हवा खेळेल अशी खाचांची प्लास्टिक शीट आणि त्यावर फळ्या. भिंतीला उबेसाठी फायबरग्लास आणि प्लास्टिकचा कागद नको, ओल मध्ये अडकते. ब्लॉकला चिकटवून कडक फोमच्या लाद्या, मग फ्रेम. डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावून आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली ठेवा.

सगळं झाकायच्या आधी रेडॉन, म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, तपासून घ्या. तुमची सॉमरसेट काउंटी जास्त धोक्याच्या पट्ट्यात येते. आकडा लिटरमागे चार पिकोक्युरीला (किरणोत्सर्गाचं माप) पोचला तर जमिनीला भोक पाडून तो वायू पाइपने बाहेर काढावा लागेल. ते आत्ता सोपं, नवी फरशी झाल्यावर नाही.

प्रेषक: हिल्सबरोचा नवा सभासद

म्हणजे मे काही गाठत नाही. आम्ही हॉलमध्ये सोफ्यावर. आईला कळवलं, ती म्हणाली, "मग आम्ही सोफ्यावर झोपू." आता तो वाद सुरू आहे.

प्रेषक: मन्रोहून एक सभासद

मध्येच विचारतो, तो दहा फुटी पाइप गवत कापताना आडवा येत नाही का?

प्रेषक: पिस्कॅटवेचे काका

येतो. उचलायचा, कापायचं, परत ठेवायचा. परत ठेवायला मात्र विसरू नका. मी एकदा विसरलो होतो.