मदत हवी आहे: वणव्याचा धूर की बाहेरून आलेली धूळ, सॅटेलाइटवर कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, मी धायरीला राहते, गॅलरीतून सिंहगडाचा टॉवर रोज दिसतो, शनिवारी सकाळपासून गडच गायब. आईला दमा आहे, त्यामुळे हवा अशी झाली की पहिली काळजी हीच, की हे नक्की काय आहे आणि किती दिवस राहणार.

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला मागच्या डोंगरावर वणवा लागला होता, वाळलं गवत, दोनेक तासांत विझला पण वास रात्रभर होता, म्हणून मी धूरच धरून चालले. पण नासाच्या फर्म्स या आगी दाखवणाऱ्या नकाशावर आमच्या डोंगरावर एकही लाल ठिपका नाही. मग वर्ल्डव्ह्यू या नासाच्या साइटवर शनिवारचा सॅटेलाइट फोटो बघितला, तर अरबी समुद्रावर गुजरातपासून कोकणापर्यंत पिवळट पट्टा दिसतोय, आणि घाट चढला की काही कळत नाही, मार्चमधलं रान पण त्याच रंगाचं. जानेवारी 2022 मध्ये कराचीकडून धूळ आली होती तेव्हा मुंबईत गाड्यांवर पांढरा थर बसला होता, तसंच आहे का हे? सेंटिनेल-5पी या हवा मोजणाऱ्या उपग्रहाचा एरोसोल इंडेक्स (हवेतल्या कणांचा अंदाज देणारा आकडा) पुण्यावर वाढलेला दिसतोय पण तो तर धुरानेही वाढतो ना?

ठिपका का नाही आला आणि धूर-धूळ वेगळं कसं काढायचं, कोणी सांगेल का प्लीज.

ढगवेडा: ताई, ठिपका नाही कारण वेळ चुकली. फर्म्सवरचे 375 मीटर पिक्सेलवाले, व्हीआयआयआरएस या कॅमेऱ्याचे ठिपके ज्या उपग्रहांचे असतात ते आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडला जातात, साडेसातला पेटून साडेनऊला विझलेलं गवत त्यांना सापडणारच नाही. इन्सॅट हा आपला हवामानाचा उपग्रह दर अर्ध्या तासाने बघतो पण त्याचा इन्फ्रारेडचा एक पिक्सेल 4 किलोमीटरचा, त्यात एवढीशी आग विरून जाते. म्हणजे ठिपका नाही याचा अर्थ आग नव्हती असा काढू नका.

आता शनिवारचं. एरोसोल इंडेक्स धूर आणि धूळ दोन्हीला वाढतो, बरोबर आहे तुमचं. त्याच सेंटिनेलचा कार्बन मोनॉक्साइडचा थर लावा. जळण्यातून सीओ निघतो, धुळीतून नाही. तुमच्या डोंगराचा सीओ त्यात दिसणार नाही, फार छोटा आहे, पण एवढा मोठा पट्टा धुराचा असता तर सीओपण तेवढ्याच भागावर चढलेला दिसला असता. आणि जमिनीवरचे आकडे बघाच, सॅटेलाइट वरपासून खालपर्यंतची सगळी हवा एकत्र मोजतो, आई श्वास घेते ती खालची. सफर या हवेच्या गुणवत्तेच्या साइटवर पीएम10 (10 मायक्रॉनपर्यंतचे कण) एकदम उडालाय आणि पीएम2.5 (त्यातले अगदी बारीक कण) त्या मानाने कमी वाढलाय तर धूळ, पीएम2.5 जास्त चढला तर धूर.

धागाकर्ती: खूप खूप धन्यवाद! सीओ नेहमीसारखाच आहे, पीएम10 मात्र खूप वर. म्हणजे गुरुवारचा धूर वेगळा आणि ही धूळ वेगळी, मी दोन्ही एकच समजत होते. आईच्या खिडक्या बंद केल्यात, ओल्या फडक्याने पुसून घेतेय, झाडू नाही. आता ही कधी सरकेल ते कशावर बघू? रात्री वर्ल्डव्ह्यूचा फोटो नसतो.

ढगवेडा: मेटिओसॅट या युरोपच्या हवामान उपग्रहाचं डस्ट आरजीबी (धूळ वेगळ्या रंगात दाखवणारं चित्र) बघा, इन्फ्रारेडवर चालतं त्यामुळे रात्रीपण मिळतं, दर 15 मिनिटांनी. धूळ गुलाबी दिसते. विरळ असेल तर नाही दिसत, म्हणून गुलाबी गेलं तरी पीएम10 खाली आल्याशिवाय आईंना फिरायला सोडू नका.