‘गोपनीय’ला दुसरा शब्द सुचवा

गोदाकाठची
मंडळी, एका शब्दावर काम अडलंय. मी नाशिकला गंगापूर रोडवर समुपदेशन करते. पहिल्या भेटीत संमतिपत्र भरून घेतो, त्यात एक ओळ आहे: ‘आपण दिलेली माहिती गोपनीय ठेवली जाईल.’ इंग्रजी मसुद्यावरून मराठी मीच केलं होतं. मागच्या महिन्यात सरकारी नोकरीतल्या एका गृहस्थांनी नेमकं त्या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाले, “मॅडम, इतकी वर्षं माझा गोपनीय अहवाल लिहिला जातोय. त्यात काय असतं ते साहेबांना ठाऊक, मला नाही. इथंही तसंच का?” आणि सही न करता पेन खाली ठेवलं.

मी त्यांना धीर द्यायला ती ओळ लिहिली होती. त्यांनी वाचलं ते असं, की तुमच्याबद्दल लिहू आणि तुम्हालाच दाखवणार नाही.

तर असा शब्द हवा आहे, जो वाचून सातपूरच्या कामगाराला आणि दिंडोरीहून आलेल्या बाईला कळेल, की त्यांचं बोलणं कोणापासून राखायचं आहे. शासकीय परिभाषा माझ्याकडे आहे. मला बोलण्यातला शब्द हवाय.

नाशिकरोडकर
ताई, त्या गृहस्थांचं चुकलं नाही. माझे वडील प्रेसमध्ये होते. नाशिक रोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटांचा आणि मुद्रांकांचा कारखाना, आणखी काही सांगावं लागत नाही. ‘गोपनीय’ हा शब्द आम्ही घरात त्यांच्याकडूनच ऐकला आणि त्याचा अर्थ एकच होता: विचारायचं नाही. सी.आर.ला, म्हणजे त्या गोपनीय अहवालाला, आता कागदोपत्री कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. त्यातले शेरे कर्मचाऱ्याला कळवायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितलं. पण ज्याने अर्धी नोकरी त्या शब्दाच्या धाकात काढली, त्याच्या कानाला तो तसाच लागणार.

शब्दवेध
शब्दाला का दोष द्यायचा? गुप् धातूचा मूळ अर्थ राखणे, सांभाळणे. गोप म्हणजे गाई राखणारा. चंद्रगुप्त म्हणजे चंद्राने राखलेला, लपवलेला नाही. त्या हिशेबाने गोपनीय म्हणजे ‘राखण्याजोगं’. याहून नेमका शब्द तुम्हाला मिळणार नाही. सरकारी दप्तराने शब्द बिघडवला म्हणून आपण टाकून द्यायचा, तर मराठीत किती शब्द उरतील?

अनुस्वार
क्रम उलटा आहे. ‘गो’ आणि राखणे या अर्थाचा ‘पा’ मिळून आधी गोप झाला, आणि त्या गोपावरून मागाहून गुप् हा धातू निघाला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. आणि त्याच गुप् धातूपासून ‘जुगुप्सा’ही येते, म्हणजे किळस. व्युत्पत्तीवर वचन उभं करायचं तर तीही बरोबर येईल.

निफाडची लेक
व्युत्पत्ती छान, पण फॉर्म हातात घेतलेल्या बाईला धातू कोण समजावणार? आमच्याकडं ‘पोटात ठेवणं’ म्हणतात. माझ्या आजीपाशी गावातल्या निम्म्या बाया येऊन मन मोकळं करायच्या. कोणाला नवऱ्याची दारू, कोणाला मूल होत नाही म्हणून सासूची बोलणी, कोणाला देणेकऱ्यांचा तगादा. आजी भाकरी थापत ऐकायची. तिच्या पोटातलं कधी ओठावर आलं नाही. सरळ लिहा, ‘तुम्ही सांगाल ते आमच्या पोटात राहील.’ कोणालाही कळेल.

काळा कोट
कळेल, पण ते पाळता येणार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम २३. माणसाला गोपनीयतेचा हक्क आहे आणि लगेच खाली अपवादही आहेत. उपचार करणाऱ्या इतरांना सांगता येतं. नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याच्या कामापुरतं सांगता येतं. दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल, जीव जाण्याचा धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, तर सांगता येतं. समुपदेशक त्या कायद्यातल्या व्याख्येत सरळ बसतात का, हा वेगळा वाद. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम १९ सगळ्यांनाच लागू आहे. अल्पवयीन मुलीने घरातल्या माणसाचं नाव घेतलं, तर पोलिसांना कळवावंच लागतं. आदल्या आठवड्यात ‘पोटात राहील’ म्हणून सही घेतली असेल, तर त्या मुलीला काय तोंड दाखवणार?

आजींचं पोट कायद्याच्या बाहेर होतं. ताईंचं नाही.

निफाडची लेक
दादा, हे मला सुचलं नव्हतं. पटतंय. पण मग ‘गोपनीय’ लिहूनही तेच फसवणं झालं की. ते दिसत नाही एवढंच.

गोदाकाठची
अगदी तेच मला टोचतंय. ‘गोपनीय’ लिहिलं की अपवाद आहेत हे आम्हाला माहीत असतं, समोरच्याला नाही.

रोजच्या कामात पोलीस, न्यायालय क्वचित येतात. रोज येतो तो भावाचा फोन. “फी मी भरतोय, काय म्हणाली ते तर सांगाल?” किंवा सासूबाई सोबत येतात, बाहेर बसतात आणि जाताना दारात हळूच विचारतात, “आमच्याबद्दल काही बोलली का?” या माणसांना वाईट म्हणता येत नाही, काळजीही असते त्यांना. त्यांतले बरेच आधी त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीचा विधी करून मग आमच्याकडे आलेले असतात. तिथे सगळं घर एकत्र बसलेलं असतं. इथे एकीला आत घेऊन दार लावलं, हेच त्यांना खटकतं. त्यांना ‘गोपनीय आहे’ म्हटलं तर वाटतं, काहीतरी भयंकर निघालं. मी म्हणते, “ते तिचं बोलणं आहे, तिलाच विचारा.” हे त्यांना लगेच कळतं.

जुनी तांबट आळी
यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: षट्कर्णी. ‘षट्कर्णो भिद्यते मन्त्रः’, सहा कानी गेलेली गोष्ट फुटते. दोन माणसांचे चार कान, तिसरा आला की सहा. लिहा, ‘आपलं बोलणं षट्कर्णी होणार नाही.’ आमच्या वडिलांच्या तोंडी रोजचा शब्द होता हा.

गोदाकाठची
काका, शब्द सुरेख आहे, पण माझ्यापुरता तो खोटा ठरेल. दर पंधरवड्याला मी माझ्या ज्येष्ठांपुढे केस मांडते. नाव, गाव, नोकरी काढून टाकते. तरी कान सहाच. आणि हे केलंच पाहिजे. एकटीने निर्णय घेत राहिलं तर चूक कुठे होतेय ते दाखवणारं कोणी उरत नाही. म्हणजे तिसरा माणूस आहे, तो माणसाच्या भल्यासाठी आहे, आणि त्याला आधी सांगायला हवं की तो आहे.

मुक्तछंद
‘कॉन्फिडेन्शियल’च ठेवा की. मोबाइलचा ओटीपी कोणाला सांगू नका हे ज्याला कळतं, त्याला हेही कळतं.

शब्दवेध
ओटीपी कोणालाच सांगायचा नसतो. इथे तर सांगायला बसवलंय. साम्य कुठे आहे? आणि मराठीत राखणे, पोटात ठेवणे, वाच्यता न करणे, इतकं असताना इंग्रजीपुढे हात पसरायचे, हे मला पटत नाही. मी ‘वाच्यता’ सुचवतो. ‘आपल्या संमतीशिवाय वाच्यता करणार नाही.’ यात संमतीची अटही आली.

निफाडची लेक
वाच्यता आमच्याकडं दहावी शिकलेल्यालाही अडेल.

अनुस्वार
‘खासगी’चा विचार झालाय का? सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालानंतर काही वृत्तपत्रांनी ‘खासगीपणाचा अधिकार’ म्हटलं, काहींनी ‘गोपनीयतेचा’. दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या. माझ्या मते खासगी ते, जे मी सांगितलंच नाही. गोपनीय ते, जे मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही पुढे नेणार नाही. एकात मी एकटा आहे, दुसऱ्यात दोघं.

काळा कोट
ही फोड फार चांगली आहे. शब्द मात्र ‘खाजगी’.

अनुस्वार
मूळ अरबी ‘खास’. खासगीच.

जुनी तांबट आळी
‘विश्वास’ कोणीच काढला नाही याचं नवल वाटलं. वि आणि श्वस्, मोकळा श्वास घेणे. ‘इथे विश्वासाने बोला’ याहून जास्त काय लागतं?

गोदाकाठची
विश्वास मागून मिळत नाही, काका. तो त्यांनी ठेवायचा. मी फक्त काय करीन ते सांगू शकते.

याच्याशीच जोडलेली एक अडचण. शहर लहान आहे. रविवारी सकाळी मिसळ खायला गेलं की कोणीतरी भेटतंच. म्हणून मी आधीच सांगते, “बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही हाक मारलीत तर बोलेन.” त्यांच्यासोबत असलेल्याने ‘या कोण?’ विचारलं तर त्यांची पंचाईत नको, एवढाच हेतू. पण मराठीत ‘ओळख दाखवली नाही’ ही तक्रार आहे, अपमान आहे. एक बाई हे ऐकून रडल्या. म्हणाल्या, “माझी लाज वाटते का तुम्हाला?” हे वाक्य कसं बदलू?

पंचवटीकर
वाचतोय कधीचा. एक विचारतो, राग मानू नका. त्या गृहस्थांचं पेन खाली ठेवणं, त्या बाईंचं रडणं तुम्ही इथे लिहिलंत. हे षट्कर्णी झालं नाही का? ते स्वतः वाचत असले तर?

गोदाकाठची
राग नाही. विचारायलाच हवं. गृहस्थांना मी विचारलं होतं, “तुमच्या प्रश्नामुळे शब्द बदलायचाय, चार जाणत्यांना विचारू का?” ते हो म्हणाले. बाकी तपशील बदललेत. बाईंना विचारलं नव्हतं. तेवढा भाग मी लिहायला नको होता. काढता येतो का बघते.

तोवर ओळ अशी केली आहे: ‘तुम्ही इथे बोलाल ते तुमच्या घरी, कामावर किंवा ओळखीत आम्ही सांगणार नाही. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा न्यायालयाने मागितलं, तर लागेल तेवढंच सांगू, आणि जमेल तिथे आधी तुम्हाला सांगू. आमच्या ज्येष्ठांशी नाव न घेता चर्चा करतो. तुमची नोंद तुम्ही मागून पाहू शकता.’ एका शब्दाच्या चार ओळी झाल्या.

शब्दवेध
चार ओळी ठीक, पण वर मथळा लागेलच. तिथे ‘गोपनीयता’च येणार.

नाशिकरोडकर
मथळा ‘तुमचं बोलणं’ एवढाच ठेवा.

काळा कोट
‘लागेल तेवढंच’ हे कायद्यातही आहे, ते राहू द्या. नोंद पाहण्याचा हक्क कलम २५ मध्ये आहे. त्यालाही थोडे अपवाद आहेत, तेवढं बघून घ्या. आणि खाजगीबद्दल: खास्‌गी म्हणून बघा. पुढच्या ‘ग’मुळे ‘स’ आपोआप घोष होतो, म्हणजे गळ्यातला नाद घेऊन उच्चारला जातो. ‘ज’ जिभेने आणला आहे, अज्ञानाने नाही.

अनुस्वार
मग ‘दसगुणा’ऐवजी ‘दजगुणा’ का म्हणत नाही आपण?

निफाडची लेक
आमची आजी ‘खाजगीत बोलायचंय’ म्हणायची. ‘स’ मी शाळेत गेल्यावर ऐकला.