केळीच्या ट्रकवरील नावासाठी ठळक तिरकी अक्षरे कशी साधावीत?

प्रश्न (रावेर)
नमस्कार. आमच्या ट्रकांच्या दोन्ही बाजूंना ‘केळी वाहतूक, रावेर’ असे ठळक, तिरक्या अक्षरांत रेडियममध्ये लावायचे आहे. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मुक्ता एक्स्ट्राबोल्ड हा फॉण्ट उजवीकडे १५ अंश झुकवल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला अक्षरे ट्रकबरोबर पुढे धावतात, परंतु क्लीनरच्या बाजूला तीच मागे रेललेली दिसतात. शिवाय ‘वा’मधील गोल कुठे जाड, कुठे बारीक होतो. तयार तिरका फॉण्ट घ्यावा, की क्लीनरच्या बाजूला अक्षरे डावीकडे झुकवावीत?

प्रतिसाद (भुसावळ)
भाऊ, गोल बिघडतो तो अक्षर नुसते ढकलल्यामुळे. उजवीकडे झुकवताना गोलाची वरची डावी आणि खालची उजवी बाजू ताणली जाऊन बारीक होते, तर वरची उजवी आणि खालची डावी बाजू आखडून जाड होते; बारीक अक्षरात हे खपून जाते, ठळक अक्षरात लगेच नजरेत भरते. म्हणून जाणता अक्षरकार झुकवल्यानंतर प्रत्येक गोलाई हाताने पुन्हा सावरतो. रोमन छपाईत इटालिक, म्हणजे तिरकी अक्षरे, १५०१ साली व्हेनिसमध्ये मुद्रक आल्डस मॅन्युशियस यांच्या पुस्तकातून पुढे आले. देवनागरीत मात्र तशी स्वतंत्र तिरकी जात रुळली नाही, त्यामुळे तयार फॉण्ट थोडेच मिळतात. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी हाताने रेखाटलेली शीर्षके अवश्य पाहावीत, कारण ठसठशीत नावासाठी तोच उत्तम मार्ग आहे असे माझे ठाम मत आहे.

फॉण्टच हवा असेल तर टेको बोल्ड घ्यावा. त्याच्या रेषा बहुतांशी सरळ आणि वळणे चौकोनी असल्याने तो झुकवला तरी फारसा बिघडत नाही. कलही कमी करावा: ३० सेंटीमीटर उंच अक्षराचे वरचे टोक १५ अंशांना ८ सेंटीमीटर पुढे सरकते, १० अंशांना सव्वापाच. शिरोरेषा आडवीच राहत असल्यामुळे उभ्या कान्यांचा थोडा कलही पुरेसा जाणवतो. ‘ळी’ची वेलांटी पुढे आणि ‘तू’चा उकार मागे सरकतो, तेवढी दोन ठिकाणे हाताने जुळवून घ्यावीत.

प्रतिसाद (धुळे)
मी रेडियमचे काम करतो, म्हणून एक सूचना. देवनागरी फॉण्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. मजकूर कर्व्हमध्ये (नुसत्या बाह्यरेषांमध्ये) बदलून वेल्ड केला नाही, म्हणजे जोडून एकसंध केला नाही, तर प्लॉटर (रेडियम कापणारे यंत्र) प्रत्येक जोडावर चीर देतो आणि उन्हापावसात पट्टी तिथूनच उचलली जाते. ‘ळ’ आणि ‘ह’ यांच्या पोटातील जागाही थोड्या मोकळ्या कराव्यात. फार ठळक अक्षरात त्या लांबून बुजलेल्या दिसतात.

प्रतिसाद (चोपडा)
क्लीनरच्या बाजूला डावा कल देऊ नये. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे मागे कललेल्या अक्षरांवर नजर अडखळते, आणि दोन्ही बाजूंची नावे दोन वेगळ्या मालकांची वाटतात. उजवा कल तसाच ठेवून शेवटच्या ‘र’पासून ट्रकच्या मागच्या टोकाकडे निमुळते होणारे दोन पट्टे ओढावेत, वेगाचा भास ते देतात.

प्रतिसाद (भुसावळ)
पट्ट्यांची कल्पना उत्तम आहे, डाव्या कलाबाबत मात्र मी सहमत नाही. तीन शब्दांच्या नावाला पाच-सहा अंशांचा डावा कल वाचनाच्या आड येत नाही. रावेरच्या भाऊंनी दोन्ही नमुने पूर्ण आकारात कागदावर छापून ट्रकला चिकटवावेत आणि रस्त्यापलीकडून, ट्रक चालता ठेवून पाहावेत.