डोंबिवली की बदलापूर? घर ठरवण्याआधी काय पाहावे

मधुरा_दादर:

नमस्कार. आम्ही सध्या दादरला भाड्याने राहतो. मालकांना वर्षअखेरीस घर परत हवे आहे आणि आताच्या भाड्यात याच भागात दुसरे घर मिळणे कठीण दिसते. त्यामुळे मध्य रेल्वेवर पुढे कुठेतरी स्वतःचेच घर घ्यावे, असा विचार घरात सुरू झाला आहे. यजमानांचे कार्यालय फोर्टला, सीएसएमटीपासून चालत जाण्यासारखे आहे आणि माझे ऐरोलीला. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. सासूबाई आमच्याबरोबर असतात. त्यांचे गुडघे दुखतात, पण एरवी त्या हिंडत्याफिरत्या आहेत.

जेवढ्या पैशांत डोंबिवली पूर्वेला जुन्या इमारतीत एक बीएचके मिळतो, साधारण तेवढ्यातच बदलापूरला नव्या संकुलातला, लिफ्ट आणि पार्किंग असलेला दोन बीएचके आम्हाला दाखवला गेला. यजमानांचा कल अर्थातच तिकडे आहे. माझ्या शंका प्रवासाबद्दल, पाण्याबद्दल आणि कागदपत्रांबद्दल आहेत. नातेवाइकांना विचारले की ‘सवय होते हो’ एवढेच उत्तर मिळते. या पट्ट्यात राहणाऱ्यांनी कृपया नेमके काय पाहावे ते सांगावे.

फलाट_पाच:

मधुराताई, मी डोंबिवलीतच वाढलो, त्यामुळे माझे मत थोडे इकडे झुकलेले असणार, हे धरून वाचा.

सीएसएमटीपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर आहे आणि बदलापूर सुमारे ६८. जलद गाडीने एकाला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो, दुसऱ्याला दीड तासाच्या आसपास. कागदावर हा फरक फार वाटत नाही. पण कल्याणला मार्ग फुटतो, एक फाटा कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा कर्जतकडे, त्यामुळे कल्याणच्या पुढे प्रत्येक बाजूला गाड्यांची संख्या एकदम रोडावते. डोंबिवलीला एक गाडी चुकली तर मागची थोड्याच वेळात येते. बदलापूरला चुकली तर पुढची किती वाजता आहे ते पाहावे लागते, आणि कार्यालयातली सही मग त्या गाडीवर अवलंबून राहते. याची दुसरी बाजूही आहे. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत वेळेवर पोहोचणाऱ्याला बसायला मिळू शकते, तर डोंबिवलीला कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या फास्टमध्ये सकाळी दारात पाय टेकला तरी पुष्कळ. म्हणून आमच्याकडचे लोक इथूनच सुटणारी डोंबिवली लोकल धरतात. पण तीही रिकामी येत नाही, कारण अलीकडच्या स्थानकांवरचे लोक आधी उलट दिशेने येऊन तीत बसलेले असतात. याला ‘रिटर्न करणे’ म्हणतात. तीन जणांच्या बाकावर कडेला मिळालेल्या चौथ्या सीटलाही इथे मान आहे.

यजमानांपेक्षा तुमचा प्रवास अवघड ठरेल, असे मला वाटते. ऐरोलीसाठी तुम्हाला ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी, गाडी घ्यावी लागेल. सीएसएमटीकडे निघालेल्या भरल्या फास्टमधून सकाळी ठाण्याला उतरायचे तर दिव्यापासूनच दाराच्या दिशेने सरकायला लागावे लागते आणि ‘ठाणा का?’ असे पुढच्या प्रत्येकीला विचारत राहावे लागते. म्हणून तुमच्यासाठी धीमी गाडी बरी. वेळ जास्त जाईल, पण उतरता येईल. तिथून पूल चढून नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटांकडे जायचे. तिकडची गाडी ठाण्यातूनच सुटते, मध्ये फक्त दिघा गाव हे २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेले स्थानक लागते आणि लगेच ऐरोली येते. तुमच्या प्रवासातला हा शेवटचा टप्पा सर्वांत सुखाचा असेल.

कळवा आणि ऐरोली जोडणारा उन्नत मार्ग झाला की कल्याणकडच्या गाड्या ठाणे टाळून थेट नवी मुंबईत जातील, असे विक्रेते तुम्हाला सांगतील. योजना खरी आहे, पण मार्गातल्या वस्तीच्या पुनर्वसनापायी ती वर्षानुवर्षे रखडलेली आहे. कल्याण-तळोजा मेट्रोचेही तेच: काम चालू आहे, पण जी गाडी आज धावत नाही तिच्यासाठी चौरस फुटामागे आज पैसे का मोजावेत?

गर्दीबद्दल ‘सवय होते’ हे उत्तर मला मान्य नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. ते सवय झालेलेच लोक होते. मुख्य मार्गावर २०२० च्या डिसेंबरपासून वातानुकूलित लोकल आहेत आणि त्यांची दारे बंद होतात. मात्र त्या थोड्या आहेत आणि पास बराच महाग पडतो. तुम्हा दोघांचा पहिल्या वर्गाचा किंवा एसीचा पास घराच्या हप्त्याशेजारी लिहा आणि मग ती बेरीज परवडते का ते पाहा. फक्त हप्ता पाहून बदलापूर किंवा डोंबिवली स्वस्त ठरवण्यात अर्थ नाही.

शेवटचे म्हणजे घर ते स्टेशन. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ हे मोजमाप बहुधा रविवारी दुपारी गाडीत बसून घेतलेले असते. निवडलेल्या इमारतीच्या दारातून सोमवारी सकाळी तुम्ही दोघे निघा, शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा, आपापल्या कार्यालयापर्यंत जा आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत या. डोंबिवलीत घर घेणार असाल तर पूर्व आणि पश्चिम ही दोन वेगळी गावे समजूनच घर शोधा. शाळा एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असेल तर रोजचा पूल सासूबाईंच्या गुडघ्यांना सोसणार नाही.

कागद_आधी:

प्रवासाबद्दल वर सविस्तर आलेच आहे, म्हणून मी केवळ कागदपत्रांबद्दल लिहितो.

महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक पाहून निश्चिंत होऊ नका. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली होती, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घर घेतलेल्या अनेक कुटुंबांचे कर्जाचे हप्ते चालू होते. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे इमारत अधिकृत आहे, हा समज तिथे खोटा ठरला. तेव्हा बांधकाम परवानगीची प्रत विकासकाकडून घेतली तरी तिचा क्रमांक आणि दिनांक महापालिकेच्या, बदलापूरच्या बाबतीत नगरपरिषदेच्या, नगररचना विभागात जाऊन पडताळून घ्यावा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर जमीन कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर कोणता बोजा आहे, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. विकासकाने सुचवलेला वकील नको.

डोंबिवलीतल्या जुन्या इमारतीत प्रश्न निराळे असतात. अनेक इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, मिळालेलेच नाही, आणि कित्येक ठिकाणी जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. हे अभिहस्तांतरण, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीकडे देणे, झालेले नसेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी मूळ जमीनमालक किंवा त्यांचे वारस उभे राहतात आणि काम अडते. सोसायटीच्या सचिवांकडे मागील वर्षांच्या सर्वसाधारण सभांचे इतिवृत्त मागा. गळती, पाण्याचे टँकर, थकबाकी आणि पुनर्विकासावरून चाललेली भांडणे, हे सगळे त्यात असते. ते दाखवायला सचिव खळखळ करू लागले, तर त्यातूनही तुम्हाला बरेच कळेल.

महिलेच्या नावावर निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. यजमानांना हेही सांगून ठेवा.

कुळगावकर:

मी बदलापूर पश्चिमेला राहतो. वरच्या पहिल्या प्रतिसादात आमच्या गावावर अन्याय झालेला नाही, पण गाव मात्र त्यातून गळले. इथे संध्याकाळी हवा बदललेली जाणवते, डोंगर दिसतात आणि मुलांना खेळायला जागा आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत रासायनिक कारखान्यांत झालेले स्फोट आठवले, तर तिकडे वसाहतीलगत घर घेणाऱ्यानेही चार प्रश्न विचारायला हवेत.

आता आमच्याकडचे उणे. पहिले म्हणजे उल्हास नदी. २००५ च्या जुलैमधला पूर सर्वांना आठवतो. २०१९ च्या जुलैमध्ये तर बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेसच पाण्यात अडकली आणि शेकडो प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्याच पाण्याने पश्चिमेच्या काही भागांत तळमजले बुडवले. पूररेषेचा नकाशा पाहा, निळी रेषा (अधूनमधून येणाऱ्या पुराची) कुठून जाते आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) कुठून हे समजून घ्या, आणि संकुलाच्या सुरक्षारक्षकाऐवजी शेजारच्या जुन्या घरातल्या माणसाला विचारा की पाणी कुठवर आले होते. जुन्या घरांच्या भिंतींवर ओलीची रेघ अजूनही दिसते.

दुसरे पाणी, म्हणजे नळाचे. नदी उशाला असूनही नव्या संकुलांपैकी सगळ्यांना पुरेसे पाणी मिळतेच असे नाही. इथे पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या सरकारी संस्थेकडे आहे. संकुलाला त्यांची मंजूर जोडणी आहे की बोअरवेल आणि टँकरवर काम चालले आहे, हे देखभाल खर्चाच्या पावत्यांवरून कळते. एप्रिल-मे महिन्यांच्या पावत्या मागा; पावसाळ्यातल्या पावत्या सगळ्यांच्याच चांगल्या असतात.

प्रवासाबद्दल एकच सांगतो. यजमानांना बदलापूर जमेल, कारण ते दोन्ही टोकांना बसून जाऊ शकतात. तुम्हाला ठाण्याला मध्येच उतरायचे आणि संध्याकाळी ठाण्यालाच चढायचे आहे, आणि संध्याकाळी ठाण्याला कर्जत फास्टमध्ये चढणे हे काम सोपे नाही.

मधुरा_दादर:

सर्वांचे मनापासून आभार. पूररेषा आणि सभांचे इतिवृत्त या दोन गोष्टी आमच्या मनातही आल्या नव्हत्या. एक उपप्रश्न विचारते: मुलीच्या शाळेचा प्रवेश आणि घराची खरेदी यांत आधी काय करावे? आणि गाड्या बंद पडल्या तर शाळेतून तिला आणणार कोण, हा प्रश्न नोकरी करणारी जोडपी तिथे कसा सोडवतात?

पूर्वेची_आजी:

मुली, मी डोंबिवली पूर्वेला माझ्या नातवंडांना शाळेतून आणते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मीच देते.

आधी शाळा ठरवा, मग त्या शाळेपासून चालत जाता येईल असे घर पाहा. मुंबईत पाऊस कोसळला आणि शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी आले की इकडचे सगळे आईवडील तिकडे अडकतात. त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी आम्ही आजी-आजोबाच असतो. घर जवळ असेल तर तुझ्या सासूबाईंना हे काम जमेल. स्कूल बसच्या भरवशावर लांबची शाळा घेतलीस तर अशा दिवशी त्या काहीच करू शकणार नाहीत. शिवाय शेजारी एखादे पाळणाघर किंवा ओळखीचे घर हवे, कारण त्याही कधी आजारी पडतील, गावाला जातील.

इथल्या जुन्या इमारती बहुतेक चार मजल्यांच्या आणि लिफ्ट नसलेल्या आहेत. पहिल्या मजल्याच्या वर घर घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो. जिना सासूबाईंना स्वतःला चढून पाहू दे, आणि कठडा, पायऱ्यांची उंची, मधल्या वळणावर टेकायला जागा आहे का, हे त्यांनाच ठरवू दे. गुडघेदुखीचा माणूस तिसऱ्या मजल्यावर गेला की हळूहळू खाली उतरणेच सोडतो. इथे खाली उतरले तर गणेश मंदिर आहे, भाजी आहे, बोलायला माणसे आहेत. गुढीपाडव्याची शोभायात्रा आमच्याकडेच १९९९ साली सुरू झाली. हिंडत्याफिरत्या बाईला नव्या संकुलातल्या बगीच्यापेक्षा हे जास्त लागते, असे मला वाटते. तिकडे दिवसभर सगळे कामावर गेलेले असतात.

आणि खरेदीची घाई कशाला करता? मालकांना घर वर्षअखेरीस हवे आहे ना? मग दिवाळीनंतर अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत कराराने इथे भाड्याचे घर घ्या. एक उन्हाळा पाण्यासाठी आणि एक पावसाळा गाड्यांसाठी, दोन्ही त्यात येतात. तेवढ्यात यजमान बदलापूरच्या गाडीने चार-सहा वेळा जाऊन येऊ देत. त्यांनाही तिकडचे कळेल. शाळांचे अर्ज मात्र अनेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीतच निघतात, तेव्हा भाड्याचा करार त्याआधी हाती हवा, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून तोच मागतात.