घरी बांधलेली जुनी बुलेट गरम झाल्यावर बंद पडते: इग्निशनचा दोष की आणखी काही?

डहाणूकर_पार्किंग यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेले चौदा महिने मी काकांची १९९४ सालची साडेतीनशेची बुलेट नव्याने बांधतो आहे. इंजिन मूळचेच, बिडाच्या सिलिंडरचे आणि पॉइंट-कंडेन्सरवर, म्हणजे ठिणगी पाडण्याच्या जुन्या पद्धतीवर, चालणारे आहे. नाना पेठेतून रिंगा आणि गॅस्केट आणून ते एका जाणत्या मिस्त्रींकडून बांधून घेतले. बाकीचे काम हातचे. दोन्ही बाजूंचे टूलबॉक्स काढले, बॅटरी सीटखाली नेली, चेसिसला काळे पावडर कोटिंग करून घेतले, वायरिंग पहिल्या तारेपासून स्वतः ओढले आणि जुन्या बाजारात एका रविवारी मिळालेली येझदीची टाकी भोसरीत पट्ट्या वेल्ड करवून घेऊन बसवली. टाकीला झाकण नव्हते, म्हणून चावीचे नवे झाकण लावले आहे.

थंड गाडी दुसऱ्या किकला सुरू होते आणि ठोकेही एकसारखे पडतात. वारज्यावरून सिंहगड रस्त्याला लागून खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत पोहोचायच्या सुमारास मात्र ती आचके देऊ लागते, ॲक्सिलरेटर वाढवला तर उलट दम खाते आणि शे-दोनशे मीटरांत बंद पडते. तिथे कणीस खाऊन, चहा पिऊन पंधरा मिनिटांनी किक मारावी, तर काही झालेच नव्हते अशा थाटात सुरू होते आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तोच प्रकार. घरी आल्यावर काहीही तपासले तरी दोष दिसत नाही, कारण तोवर गाडी ठणठणीत झालेली असते.

आतापर्यंत प्लग, कंडेन्सर आणि कॉइल बदलली, पॉइंटचा गॅप ०.३८ मिमी ठेवला आणि कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला. प्लगचे टोक राखाडी-पांढरे आणि कोरडे दिसते. इंडिकेटर दिला की हेडलाइट किंचित मंदावतो, पण त्याचा याच्याशी संबंध असावा असे वाटत नाही. आणखी एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते: टाकी पूर्ण भरली की त्रास वाढतो. गेल्या शनिवारी वाटेतल्या पंपावर टाकी भरली आणि चार किलोमीटरांतच गाडी बंद पडली, त्यामुळे पेट्रोलमध्ये भेसळ असावी असा माझा संशय आहे. पुढे काय तपासावे?

जुना_पाना यांचे उत्तर

आपण केलेल्या वर्णनावरून शंभरातले नव्वद मिस्त्री कंडेन्सर किंवा कॉइल हेच सांगतील, आणि मीही तेच सांगतो. नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर, हा भ्रम आहे. तो सिलिंडरच्या मागे पॉइंटच्या डब्यात, म्हणजे नेमका उष्णतेच्या कुशीत बसलेला असतो, आणि हलक्या प्रतीचा असला तर गरम झाल्यावर दगा देतो. मी माझ्या गाडीचा कंडेन्सर त्या डब्यातून काढून टाकीखाली कॉइलशेजारी बसवला, त्याला आता बरीच वर्षे झाली. पॉइंट उघडताना निळसर-पांढरी मोठी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर गेला असे समजावे.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्याची (पुशरॉडची) जुळणी, तीही पाहून घ्या. या इंजिनात थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. अनेक जण आवाज कमी व्हावा म्हणून तो आवळून ठेवतात. मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन पडते.

मात्र घरी येऊन तपासण्यात अर्थ नाही. एक जादा प्लग आणि प्लगचा पाना खिशात ठेवा, आणि गाडी बंद पडताच, चहाची ऑर्डर देण्याआधी, तो प्लग कॅपमध्ये घालून हेडला टेकवून किक मारा. ठिणगी आहे की नाही, हे त्याच क्षणी कळले पाहिजे.

भोसरीचा_लेथ यांचे उत्तर

जुना_पाना यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत आहे, पण निदानाशी नाही. प्रश्नकर्त्याने जी गोष्ट लिहू की नको म्हणून शेवटी टाकली, तिच्यातच उत्तर आहे असे मला वाटते. कॉइल किंवा कंडेन्सर तापून बिघडत असेल, तर टाकीत पेट्रोल किती आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. टाकी भरलेली असताना गाडी लवकर बंद पडते आणि अर्धी असताना उशिरा, हे लक्षण झाकणातून टाकीत हवा जात नसल्याचे आहे.

थोडा हिशेब मांडतो. आपल्या गाडीत पेट्रोल फक्त स्वतःच्या वजनाने कार्बोरेटरमध्ये उतरते. टाकीतल्या पातळीपासून फ्लोटपर्यंतची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीपर्यंतची) उंची साधारण २० सेंटिमीटर धरू. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब पेट्रोलचा सुमारे १३ मीटर उंच स्तंभ तोलून धरतो, म्हणजे टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा दीड टक्का जरी घटला तरी पेट्रोल उतरायचे थांबते. पूर्ण भरलेल्या टाकीत वर २ लिटर हवा असेल, तर केवळ ३० मिलिलिटर पेट्रोल गेल्यावर एवढी घट होते. टाकी अर्धी असून ७ लिटर हवा असेल, तर शंभरावर मिलिलिटर जावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेग आणि लिटरला ३५ किलोमीटर धरले, तर गाडी मिनिटाला साधारण २८ ते २९ मिलिलिटर पेट्रोल पिते. प्रत्यक्षात झाकण थोडेफार हवा घेत असते आणि इंजिनाच्या उष्णतेने टाकीतली वाफही वाढते, म्हणून गाडी या हिशेबापेक्षा बरीच जास्त चालते, पण क्रम हाच राहतो. बंद पडल्यावर पंधरा मिनिटांत बारीक फटीतून हवा आत झिरपते, फ्लोट पुन्हा भरतो आणि आपल्याला वाटते की गाडी थंड झाली म्हणून सुरू झाली. पांढरट, कोरडा प्लगसुद्धा पेट्रोल कमी पडत असल्याचेच सांगतो आहे. कंडेन्सरच्या दोषात तो बहुधा काळा आणि ओला मिळाला असता.

तपासणीला पैसाही लागत नाही. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडा आणि कान देऊन ऐका. त्यानंतर घरी, मोकळ्या जागेत आणि आसपास कोणी विडी-सिगारेट ओढत नसताना, कार्बोरेटरची नळी काढून मोजपात्रात धरा आणि झाकण लावून व उघडून, दोन्ही प्रकारे, मिनिटाला किती पेट्रोल येते ते मोजा. मिनिटाला २०० मिलिलिटरच्या वर सतत येत असेल, तर साडेतीनशेच्या इंजिनाला ते पुरेसे आहे. उघड्या झाकणानेही धार बारीक असेल, तर कॉक किंवा त्याची जाळी तपासा.

टाकीला वेल्डिंग करण्यापूर्वी ती पाण्याने भरून घेतली होती ना? आता विचारून उपयोग नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणी उद्या तेच करायला निघाला असेल, त्याच्यासाठी लिहितो. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

डहाणूकर_पार्किंग

काल सायंकाळी टाकी मुद्दाम गळ्यापर्यंत भरून निघालो. किरकटवाडी फाट्याच्या अलीकडे आचके सुरू झाले आणि गाडी बंद पडली. प्रथम जुना_पाना यांनी सांगितल्याप्रमाणे जादा प्लग हेडला टेकवून किक मारली, तर ठिणगी भक्कम होती. मग झाकणाची चावी फिरवली आणि प्रेशर कुकरची शिट्टी उचलावी तसा, पण उलट्या दिशेने, हवा आत ओढली जाण्याचा लांबलचक आवाज आला. अर्ध्या मिनिटाने पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

घरी येऊन झाकण खोलल्यावर जे दिसले, त्याचा दोष कोणावर ढकलण्याची सोय नाही. तीन महिन्यांपूर्वी ब्रेक मारला की झाकणातून पेट्रोल उसळून टाकीच्या नव्या रंगावर ओघळत होते, म्हणून मी ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीने गोल चकती कापून झाकणाखाली बसवली होती. तिला मधोमध भोकही ठेवले होते. पेट्रोलने ते रबर फुगून मऊ पडले होते, मधले भोक आक्रसून मिटले होते आणि तिची कड झाकणातल्या टाचणीएवढ्या हवेच्या छिद्रावर लोण्यासारखी चिकटली होती.

टाकी अर्धी करून मोजमापही केले. झाकण लावून पहिल्या मिनिटाला १४० मिलिलिटर आले, दुसऱ्याला ५० आणि तिसऱ्या मिनिटाला धार तुटून थेंब पडू लागले. झाकण उघडताच मिनिटाला ३२० ची धार सलग राहिली. चकती फेकून दिली आणि छिद्र बारीक तारेने मोकळे केले. पंपावर घेतलेला संशयही मागे घेतो.

आज सकाळी गडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही बंद पडली नाही, पण हेडलाइट लावून ब्रेक दाबला की ठोका अजून चुकतो आणि हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो. हा वेगळा दोष समजावा काय?

तारांचा_गुंता यांचे उत्तर

वेगळा दोष आहे, आणि तो आपल्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेला आहे: चेसिसला पावडर कोटिंग केले. पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत भाजलेले प्लॅस्टिकच असते आणि त्यातून वीज जात नाही. आपण बॅटरीची निगेटिव्ह तार चेसिसच्या एखाद्या बोल्टला जोडली असणार, तो बोल्ट कोटिंगवर बसला असणार, आणि इंजिनाचे बोल्टही तसेच असणार. सगळा करंट कुठल्यातरी आट्यांच्या ओरखड्यातून कसाबसा परत येत आहे. हेडलाइट, ब्रेक लाइट आणि पॉइंट या सर्वांची परतीची वाट तीच एक चिंचोळी बोळ आहे, त्यामुळे दिव्यांचा करंट वाढला की तिथे व्होल्टेज खर्ची पडते आणि कॉइलला कमी मिळते. ठोका चुकतो तो म्हणून.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा. इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावा आणि ब्रेक दाबा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल तर मी खोटा ठरलो; त्याहून बराच जास्त असेल, तर इंजिनाच्या एखाद्या बोल्टपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत २.५ चौरस मिमीची वेगळी तार ओढा. चेसिसवर जिथे तार जोडाल, तिथला वॉशरएवढा गोल भाग चकाकता धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आणि बोल्ट आवळल्यानंतर वरून ग्रीस लावा, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. ६० वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, तेव्हा हेडलाइटलाही बारीक तार वापरली असेल तर तीही बदला.

जुना_पाना

कंडेन्सरच्या बाबतीत माझा अंदाज चुकला, हे मान्य. पण आपण काढलेला जुना कंडेन्सर आणि कॉइल फेकली नसेल, तर परत बसवून पाहा. त्या काळचा माल बहुतेक वेळा आजच्या नव्यापेक्षा टिकाऊ निघतो, आणि नव्या वस्तू सुट्या भागांच्या डब्यात पडून राहिल्या तरी हरकत नाही.

संगमपूल_फेऱ्या यांचे उत्तर

दुरुस्तीत माझी गती नाही, पण कागदपत्रांबद्दल एक सूचना करतो. १९९४ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आलेच, आणि तेव्हा निरीक्षक चेसिस नंबर वाचून पाहतो. पावडर कोटिंगचा थर जाड असतो. तो ठोकलेल्या आकड्यांमध्ये भरून बसतो आणि ३, ८ आणि ० सारखेच दिसू लागतात. माझ्या एका परिचितांना एवढ्याच कारणासाठी दोनदा परत पाठवले होते. तो थर पेंट रिमूव्हर लावून, मऊ पितळी ब्रशने काढा. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर चुकूनही लावू नका, कारण आकडे झिजले तर खाडाखोड केल्याचा संशय येतो आणि मग समजावता समजावता नाकी नऊ येतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची आणि सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आली. आपण चेसिस कापलेली नाही आणि इंजिन मूळचे आहे, हे उत्तम. टाकीचा रंग नोंदणीपत्रातल्या रंगापेक्षा वेगळा असेल, तर तेवढी नोंद करून घ्या, आणि काढलेले टूलबॉक्स व मूळ टाकी भंगारात देऊ नका.

डहाणूकर_पार्किंग

तारांचा_गुंता यांनी सांगितलेले मोजमाप केले. हेडलाइट लावून ब्रेक दाबल्यावर मीटरने १.९ व्होल्ट दाखवले. बोल्ट काढून पाहिला, तर वॉशरखालचे कोटिंग जसेच्या तसे गुळगुळीत होते. चेसिसशी संबंध होता तो केवळ दोन आट्यांचा. वेगळी तार ओढून आणि धातू घासून पुन्हा मोजले तेव्हा ०.०६ आले, हॉर्नचा घसा मोकळा झाला, आणि ब्रेक दाबून पंधरा मिनिटे गाडी उभ्यानेच चालवली तरी ठोका एकदाही चुकला नाही. जुनी कॉइल परत बसवली आहे. जुना कंडेन्सर मात्र आईने भंगारवाल्याला दिलेल्या डब्यात गेला.

मूळ टाकी काकांच्या माळ्यावर आहे. चेसिस नंबरवर बोट फिरवून पाहिले, तर शेवटचे तीन आकडे खरोखरच लागत नाहीत, त्यामुळे उद्या रिमूव्हर आणि पितळी ब्रश आणतो.