पाहुणा ससा गुलाबी झाला, आता तांपेरेला काय तोंड दाखवू?

रामबागवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न पोरकट वाटेल, पण रंगपंचमीपासून लेक माझ्याशी धड बोलत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

लेक पाचवीत आहे. तिनं आणि फिनलंडमधल्या तांपेरे गावच्या एका मुलीनं आपापलं एकेक खेळणं एकमेकींकडे पाहुणं पाठवलंय. ज्या घरी खेळणं उतरतं त्या घरानं त्याला गाव दाखवायचं, फोटो काढायचे आणि खेळण्याच्याच तोंडून त्याच्या घरी पत्र लिहायचं. आमच्याकडून गेलाय जीरू. सासूबाईंनी विरलेल्या महेश्वरीचा शिवलेला हत्ती. रंग थेट जीरावनाचा (पोह्यांवर भुरभुरतात तो आमचा मसाला), म्हणून जीरू. पाठवताना सासूबाई म्हणाल्या, "हत्तीला विमानानं धाडताय, मला दिवाळीपासून उज्जैनला न्यायला सवड नाही." आता मात्र दर शनिवारी चष्मा पुसून पत्राची वाट बघत बसतात.

जीरूची तिकडे चंगळ चालली आहे. गाव दोन तळ्यांच्या मध्ये. वरच्या तळ्याचं पाणी शहराच्या मधोमध 18 मीटर खाली उतरून दुसऱ्या तळ्यात जातं. तळी गोठलेली, आणि लोक बर्फाला भोक पाडून त्या पाण्यात उतरतात, मग पळत सौनात, म्हणजे तापवलेल्या खोलीत, शिरतात. जीरूला पण सौनात नेलं, पण पोटात कापूस म्हणून खालच्या बाकावर, टॉवेलमध्ये गुंडाळून. एका टेकडीवर जुना बुरूज आहे, तिथे जीरूपुढे तळलेला गोल डोनट ठेवलेला फोटो आला. त्यात वेलची घालतात हे वाचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग बरी माणसं आहेत."

एक पत्र मात्र मी जसंच्या तसं वाचलं नाही. जीरूनं बाजारात तिथलं प्रसिद्ध 'मुस्तामाक्कारा' खाल्लं. ते म्हणजे डुकराच्या रक्ताचं सॉसेज, सोबत लाल आंबट फळांचा मुरंबा. सासूबाई कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात घरात येऊ देत नाहीत. मी वाचलं, "काळ्या उडदाचं काहीतरी, वर करवंदाचा मुरंबा." लेकीनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

आता माझं पाप. तिकडून आलाय लुमी. लुमी म्हणजे बर्फ. तिकडचे रानससे हिवाळ्यात पांढरे होतात, त्यातला हा, दुधासारखा पांढरा. त्याला राजवाडा दाखवला, पोहे-जिलेबीशेजारी बसवला, रात्री सराफ्यात दहीवडा हवेत उडवतात तिथे उभा केला. सगळीकडे पारदर्शक पिशवीत, तोंडाला रबरबँड लावून. रंगपंचमीला नणंदेच्या चुलतसासऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत गेर बघायला गेलो. गेर ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: रंगपंचमीची मिरवणूक, त्यात टँकर, डीजे, लाखांनी माणसं, आणि रंगाच्या तोफा, ज्यांना आमच्याकडे मिसाइल म्हणतात. राजवाड्याच्या आसपासच्या इमारतींना आदल्या दिवशीच ताडपत्री नि प्लॅस्टिक गुंडाळतात. इमारतींना! आणि मी लेकीला म्हटलं, "काढ गं पिशवीतून, एक फोटो नीट येऊ दे."

दहा सेकंद. डावा कान, पोट आणि मानेची रिबन. गुलाबी, त्यात हिरव्याचे शिंतोडे. एका काचेच्या डोळ्यात गुलाल भरलेला, त्यामुळे तो माझ्याकडे रागानं बघतोय असं वाटतं.

रंग निघेल का? आणि तिकडे आत्ता सांगू, की धुऊन बघून मग? पंधरा दिवसांत त्याला परत पाठवायचं ठरलंय, ते पार्सलचं काय ते पण कोणी सांगा.

जुना_रंगारी

बेटा, पाणी लावलंस का? लावलं असशील तर गरम की गार, ते आधी सांग.

मी गिरणीच्या रंगखात्यात उमेदीची वर्षं घालवली. सशाच्या शिवणीत कापडी पट्टी असेल, तिच्यावर धागा कुठला ते वाच. पॉलिएस्टर असेल तर देवाला नारळ फोड. पॉलिएस्टरला रंग चढवायला आम्हाला बंद भांड्यात 130 अंशांपर्यंत जावं लागायचं, गॅलरीत उडालेलं पाणी त्याच्या आत शिरत नाही, वरवर बसतं. अ‍ॅक्रिलिक असेल तर मात्र कठीण. ते भडक गुलाबी आणि हिरवे पक्के रंग बहुतेक बेसिक जातीचे असतात, आणि अ‍ॅक्रिलिक रंगवायला आम्ही तीच जात वापरायचो. ते धरून बसणार.

आधी कोरडाच झटक. जुना दातांचा ब्रश घे, लव ज्या दिशेला झोपते त्याच दिशेनं फिरव. मग गार पाणी आणि भांड्याचा साबण, फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही, घासलंस तर पोटाचा रंग पाठीवर नेशील. राहिलंच तर औषधाच्या दुकानातलं स्पिरिट कापसावर घेऊन आधी शेपटीखाली करून बघ. गरम पाणी, इस्त्री, ड्रायर काही नाही. ब्लीच तर नावच घेऊ नकोस, रिबन पिवळी पडेल. वाळवायला सावलीत.

खवचट_काका

ससा आहे हो, जावई नाही.

रामबागवाली

@खवचट_काका, जावई असता तर त्यानं स्वतःच रंग खेळला असता, मला झोप लागली असती.

@जुना_रंगारी काका, गार पाणीच लावलं होतं, तेही चमचाभर. पट्टीवर सगळं पॉलिएस्टर लिहिलंय. आज दुपारी तुम्ही सांगितलं तसं केलं. पोट पूर्ण साफ, मला रडूच आलं. हिरवं गेलं. डोळ्यातला गुलाल सुईच्या टोकानं काढला. पण कानाची आतली बाजू मखमलीची आहे, ती फिकट गुलाबी राहिलीच, आणि रिबन सुती निघाली. ती आता पूर्ण गुलाबी. फोटोत नीट कोन धरला तर दिसत नाही. म्हणून परत विचारते, सांगायलाच हवं का?

ब्रेमेनची_मावशी

सांगा. आजच. कोन धरू नका.

माझ्याकडे आत्तापर्यंत 11 खेळणी राहून गेली. माझी जबाबदारी ठरलेली: इथे जर्मनीत, आमच्या ब्रेमेनच्या बाजारचौकात गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा यांचा पुतळा आहे, 1953 सालचा. त्या गाढवाचे पुढचे दोन्ही पाय दोन्ही हातांनी धरले की इच्छा पुरी होते म्हणतात, लोकांनी धरून धरून ते पाय सोनेरी केलेत. प्रत्येक पाहुण्याला तिथे नेते, त्याचे हात गाढवाच्या पायाला लावते, पत्र लिहिते. मजेत चाललं होतं.

मग पाचवा की सहावा पाहुणा, एक तपकिरी अस्वल, माझ्याकडून ट्रॅममध्ये राहिलं. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर तीन चकरा मारल्या. नाही मिळालं. मी काय केलं असेल? तसंच दुसरं विकत आणलं. चहाच्या पाण्यात बुडवून जरा जुनं पण दिसायला लावलं. चार पत्रं लिहिली त्याच्या नावानं, फोटो पाठवले, पार्सल केलं. त्या घरच्या आईचा मेल आला. मुलानं खोका उघडला, अस्वल नाकाशी धरलं आणि परत खोक्यात ठेवून झाकण लावलं. बोलला काही नाही.

फोटोत वास येत नाही हे मला सुचलंच नव्हतं. ती चार पत्रंच त्या बाईंना जास्त लागली, अस्वलापेक्षा. तुमचा ससा तर तोच आहे. कान गुलाबी आहे एवढंच. (टोकियोत 2010 पासून खास खेळण्यांच्या सहली काढणारी एक कंपनी आहे. आजारपणामुळे घराबाहेर पडता न येणारी माणसं पण आपली बाहुली त्यांच्याकडे पाठवतात. अशा माणसाला कोन धरलेला फोटो पाठवून बघा, असं मी मनातल्या मनात स्वतःला म्हणत असते.)

आणि ताई, गेरचे फोटो पण पाठवा. नुसता डाग पाठवलात तर त्यांना वाटेल तुमच्या घरी शाई सांडली.

खिडकी_क्रमांक_चार

पोस्टात नोकरी झाली, म्हणून पार्सलपुरतं.

खोक्यावर सीएन 22 चा कस्टम्स फॉर्म लागेल. त्यात कारणांच्या चौकटी असतात, त्यातली 'रिटर्न्ड गुड्स' (परत पाठवलेली वस्तू) ची खूण करा. वर्णनात नुसतं 'टॉय' नको, 'वापरलेला सॉफ्ट टॉय ससा, पॉलिएस्टर, एक नग' असं इंग्रजीत सविस्तर. किंमत शून्य लिहू नका, शून्य बघितलं की तपासणाऱ्याला शंका येते. खरी जुन्या खेळण्याची असेल ती लिहा. युरोपात 2021 च्या जुलैपासून बाहेरून येणाऱ्या स्वस्तातल्या वस्तूंवरही कर लागतो, पण घरगुती माणसानं घरगुती माणसाला पाठवलेल्या 45 युरोपर्यंतच्या भेटीला सूट आहे, तेव्हा सोबत काही भेट घालणार असाल तर ती वेगळ्या ओळीत लिहा. पेढे, मावा, तूप घालू नका. दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून टपालानं युरोपात चालत नाहीत, काढून टाकतात.

जीरू येताना उलटं. तिकडच्यांना सांगा, फॉर्मवर 'गिफ्ट' वर खूण करू नका. आपल्याकडे डिसेंबर 2019 पासून टपालानं येणाऱ्या भेटींची करमाफी गेली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं तेवढी राहिली. इथून पाठवलेल्या पार्सलची पावती असेलच, तिचा फोटो त्यांना खोक्यात घालायला सांगा. आपला हत्ती आपल्याकडेच परत येतोय हे दाखवायला तेवढं उपयोगी पडतं.

रामबागवाली

मंडळी, सांगितलं. लेकीनंच लिहिलं, लुमीच्या तोंडून नाही, स्वतःच्या नावानं. आईनं पिशवीतून काढायला सांगितलं हे पण घातलं, बरं. सोबत टँकर, मिसाइल आणि ताडपत्री नेसलेल्या इमारतींचे सहा फोटो.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. डागाबद्दल दोनच ओळी: कान अजून धुऊ नका, राहू दे, आणि रिबन काढू नका. बाकी सगळं पत्र प्रश्नांचं. हे सगळे ओळखीचे लोक आहेत का? रंग लागलेला चालत नसेल तर घरी बसतात का? पोलिसांना पण लावतात का? रस्ते कोण धुतं? शेवटच्या प्रश्नावर लेकीनं पानभर लिहिलंय, महापालिकेच्या झाडूवाल्या गाड्यांच्या चित्रासकट. इंदूरच्या पोरीला सफाईवर प्रश्न म्हणजे काय विचारता.

लुमी सोमवारी निघतो. पेढ्यांऐवजी जीरावनाची पुडी देतेय, वेगळ्या ओळीत लिहून.

पण ही गोष्ट इथे संपली नाही. खरं सांगण्याची चव लागल्यावर लेक म्हणाली, आता आजीला पण सांग. मी टाळलं, तर तिनं ते जुनं पत्र काढून आजीपुढे बसून शब्द न् शब्द वाचलं, रक्तासकट. मी स्वयंपाकघरात कणीक तिंबत होते, हात थांबले.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चष्मा काढून विचारलं, "पत्रावर तारीख काय आहे? त्या दिवशी एकादशी तर नव्हती ना?"

कॅलेंडर काढून बघितलं. होती.