चौथा संघ कुठे गेला?

एकाने लिहिलंय की फुटबॉलच्या पहिल्या आफ्रिकन नेशन्स कपमध्ये जेमतेम तीन संघ आणि दोन सामने, तिला कसली स्पर्धा म्हणायची? हिशोब बरोबर आहे, पण चौथा संघ का गळला ते राहूनच गेलं.

1957, सुदानमधलं खार्टूम. इथिओपियाची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली होती. दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं, आमचा संघ एकतर सगळा गोऱ्यांचा येईल नाहीतर सगळा काळ्यांचा, मिश्र नाही. बाकीच्यांनी सरळ बाहेरचा रस्ता दाखवला आणि इथिओपिया न खेळताच अंतिम फेरीत! तिथे इजिप्तने 4-0 धुतलं. चारही गोल एकट्या अद-दीबाचे. (हाच गडी पुढे 1968 च्या अंतिम सामन्यात शिट्टी घेऊन पंच म्हणून उभा होता.)

फिफाला दक्षिण आफ्रिकेवर बंदी घालायला 1961 उजाडलं. म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या आफ्रिकन संघटनेने जे लगेच केलं, त्याला जागतिक संघटनेला चार वर्षं लागली. मला तरी ती 'दोन सामन्यांची' स्पर्धा म्हणूनच मोठी वाटते.

आणि 1996 चं विसरू नका. यजमान दक्षिण आफ्रिका, पहिल्यांदाच स्पर्धेत, अंतिम सामन्यात समोर ट्युनिशिया. बदली म्हणून उतरलेल्या मार्क विल्यम्सने पाठोपाठ दोन गोल ठोकले. चषक घ्यायला गोरा कर्णधार नील टोवी, आणि शेजारी संघाची जर्सी घातलेले मंडेला.